भाड्यापोटी एक पान

मानवतला मला खोली देणारा एकच माणूस निघाला, आणि आयुष्यात सगळ्यात जास्त राग मला त्याच माणसाचा आला. ज्यांनी आडनाव ऐकून 'खोली आत्ताच गेली' असं सांगितलं, त्यांच्यावरही मी तेव्हा चिडलो असेन, पण त्यांचे चेहरे आता आठवत नाहीत. आप्पांचा आठवतो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि हातात पत्त्यांवरचं इंग्रजी पुस्तक. मी त्यांना आजही अहोजाहो करतो. तोही रागाचाच भाग समजा.

मी तेव्हा कापूस खरेदी केंद्रावर हंगामी कारकून होतो. हंगाम संपला की शिकवण्या घ्यायच्या आणि सरकारी नोकरीचे अर्ज भरायचे, असा माझा वर्षाचा कार्यक्रम होता. गाव वालूरच्या पलीकडं, रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं. खोली शोधत शोधत आडत बाजारात आलो, तर एका ओट्यावर हे गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. आडनाव तोंडातून निघायच्या आत त्यांनी हात वर केला.

"ते न्हाई विचारलं. इंग्रजी वाचता येतंय का?"

"येतं."

"टक्केवारी?"

"बी.एस्सी. झालोय. गणित घेऊन."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "हे काय म्हणायलंय ते सांग."

पुस्तक म्हणत होतं, की हातात एका रंगाचे चार पत्ते असले आणि पाचवा बदलून घ्यायचा असला, तर तो त्याच रंगाचा निघायची शक्यता साधारण पाचात एक असते. मी ते मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "मग धरायचे का टाकायचे?" मी म्हणालो, "डावात किती जमलंय, त्यावर आहे." आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. "खोली तुझी. भाडं रोज एक पान."

असं माझं भाडं ठरलं. रोज संध्याकाळी त्या पुस्तकाचं एक पान मी त्यांना मराठीत समजावून सांगायचं. पैसा नाही, लाइटबिल नाही. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "फुकट खोली कोन देतंय बाबा? नीट बघून रहा." अडाणी बाई. पण मी बी.एस्सी. होतो, मी कशाला नीट बघतो.

आप्पा निजामाच्या राजवटीत उर्दूतून मॅट्रिक झालेले. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून वाचता यायचं, पण अर्थ लागायचा नाही. जवळ इंग्रजी-उर्दू शब्दकोश होता, त्यात पत्त्यांच्या खेळातला एकही शब्द धड सापडत नसे. पुस्तकं त्यांनी हैदराबादच्या फुटपाथवरून आणलेली. एक रोकड्या खेळाचं, एक स्पर्धेचं, आणि एक नुसतं माणसांच्या चेहऱ्यांचं. तिन्ही लाल खारव्याच्या कापडात बांधून देवघराच्या फळीवर ठेवायचे. खेळाचं नाव पोकर. पाच पत्ते वाटतात, नकोसे बदलून घेता येतात, मग ज्याला आपला हात चांगला वाटतो तो डाव वाढवत नेतो आणि बाकीचे एकेक करून पत्ते टाकून देतात. आपल्या तीन पत्तीचाच अमेरिकेत राहणारा भाऊ. अख्ख्या मानवतात हा खेळ कोणाला येत नव्हता. आप्पांनाही येत नव्हता, पण ते शिकत होते. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, घरची आडत थोरला भाऊ सांभाळणार. शिकायला वेळच वेळ होता.

भावानं त्यांना दुकानात बसायची बंदी केली होती. त्याचं कारण मानवतात सगळे हसून सांगायचे. सौदा चालू असताना भाऊ म्हणायचा, "आज बाजार पडलाय, याच्यावर भाव निघायचा न्हाई," आणि मागून आप्पा शेतकऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचे, "दादा, हूल देतायत. त्यांचा कान बघ, लाल झालाय. आजचा दिवस थांब." शेतकरी थांबायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आडतीत जायचा. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत पाहुणे म्हणाले, की मुलाला लातूरचंही स्थळ आलंय. आप्पांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "लातूरचं स्थळ न्हाई. हूल हाय." हूल होतीच. पण पाहुणे उठून गेले ते गेलेच. तेव्हापासून आप्पांची जागा ओट्यावरची खुर्ची.

हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल, काय मजेशीर माणूस. मलाही तसंच वाटायचं. चांगली दोन वर्षं वाटत होतं, म्हणून तर आज एवढं तोंड कडू होतं.

त्यांची वाक्यं ठरलेली असत. "पाचातले चार हात टाकायचे मास्तर. टाकायला शिकला तो खेळायला शिकला." "पत्ता बघून खेळतो तो शेतकरी, माणूस बघून खेळतो तो आडत्या." शिकवण्या घेतो म्हणून मला मास्तर म्हणायचे. स्वतःचा चेहरा दगडासारखा ठेवायची त्यांची फार खटपट चाले, आरशासमोर बसून सराव करायचे. पण एक खोड त्यांना कधी कळली नाही. खोटा डाव वाढवला, की ते समोरच्याला सुपारी द्यायचे. एरवी सुपारीची डबी कमरेला घट्ट खोचलेली, मागितली तरी न दिसणारी. हातात काही नसताना चाल केली, की डबी उघडून म्हणायचे, "घे, सुपारी घे." चेहऱ्यांवरचं अख्खं पुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं, पण ही गोष्ट सांगितली नाही. घरमालकावर एवढी तरी आघाडी असावी म्हणून.

एकदा पुस्तकात आलं, की ज्याची बोलायची पाळी शेवटी येते तो फायद्यात असतो. आप्पा खूष झाले. "बराबर हाय. शेवटच्याला सगळ्यांचं ऐकायला मिळतंय."

मी म्हणालो, "आप्पा, आमच्या वस्तीला गावात सगळं शेवटीच मिळतं. पाणीसुद्धा. अजून काही फायदा दिसला नाही."

आप्पा हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमाला विचारतात कुठं? नुसतं सांगतात. ते डावात बसणं न्हाई."

एवढं कळत होतं त्यांना. म्हणूनच चीड येते. न कळणाऱ्या माणसावर कोण चिडतं?

एका उन्हाळ्यात त्यांनी ओट्यावर पोकरची स्पर्धा भरवली. पैशाऐवजी चिंचोके. शाळेचा ड्रिलमास्तर, दवाखान्याचा कंपाउंडर, आडत्यांची दोन-तीन पोरं आणि मी. प्रत्येकाला चिंचोक्यांचा सारखा ढीग. नियम पुस्तकातला: ढीग संपला की उठायचं, परत बसायचं नाही. रोकड्या खेळात तसं नसतं. तिथं समोरचं संपलं तर खिशात हात घालून पुन्हा मांडता येतं. आप्पा पहिल्या तासातच उठले. मी मात्र हात टाकत टाकत, अगदी हमखास असल्याशिवाय एक चिंचोका पुढं न सरकवता, शेवटपर्यंत टिकलो आणि जिंकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी मला झापलं.

"असं कुठं खेळतात का? चिंचोके असे धरून बसायलास की जसं काय घरून आणलेत. भित्र्यानं जिंकणं म्हणजे जिंकणं न्हाई."

"आप्पा, संपले असते तर उठावं लागलं असतं."

"मग उठायचं. काय जातंय?"

त्यांचं काहीच जात नव्हतं. जन्मभर ते रोकड्या खेळात बसलेले होते. हरले की मागं आडत, भाऊ, घर, नाव. जगात दुसरा खेळ असतो, एकदा उठलेल्याला परत कोणी बसू देत नाही, हे त्यांनी माझ्याच तोंडून पुस्तकातून ऐकलं होतं, आणि पान उलटून पुढं गेले होते.

खरं तर ते रोकड्या खेळातही काही मोठे वस्ताद नव्हते. पुस्तकात सगळे खेळाडू घाबरतात. मोठी चाल केली की विचारात पडतात, पत्ते टाकतात. मानवतात कोण घाबरतंय? कालव्याच्या कामावरचा एक ठेकेदार तीन पत्तीत पत्ते न बघताच खेळायचा. आप्पा नेम धरून हूल द्यायचे आणि तो तंबाखू मळत म्हणायचा, "आपुन बघितलेलेच न्हाईत आप्पा, आपल्याला काय भ्या?" आणि जिंकायचा. परत येताना आप्पा संतापानं काठी आपटत म्हणत, "ह्या माणसानं पुस्तक वाचलेलं न्हाई. अशा माणसासंगं खेळणं म्हणजे येळेची बरबादी."

आता माझ्या बाजूचं सांगतो.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा मी शाळेत होतो. त्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली घरं पेटवली. आमचं अर्धं जळलं. आईनं तेव्हापासून मनाशी एकच गाठ मारली होती, की पोरगा शिकवायचा आणि सरकारात चिकटवायचा. पुढं नामांतरासाठी मोर्चे सुरू झाले, जेलभरो झाले, आमच्या वस्तीतली सगळी तरणी पोरं गेली. माझा चुलतभाऊ उत्तम कितीदा तरी आत जाऊन आला. मी एकाही मोर्च्याला गेलो नाही. आई जाऊ देत नव्हती. "घोषणांनी पोट भरत न्हाई बाबा. तुजं नाव पोलिसात लागलं की आपलं समदं संपलं." मोर्चा निघायचा आणि मी खोलीत दार लावून आप्पांना अमेरिकन लोकांचे चेहरे वाचून दाखवायचो. उत्तम रस्त्यात भेटला तर बोलायचा नाही. त्याला वाटायचं मी भ्यालोय. बरोबरच वाटायचं.

आणि ते फळलं. महसूल खात्यात माझी निवड झाली. यादीत नाव आलं. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती, म्हणजे पोलिसांनी लिहून द्यायचं की या माणसावर कुठलाही गुन्हा नाही. आईनं वस्तीत गूळ वाटला. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "चांगलं झालं. पन जायच्या आधी पुस्तक संपवून जा."

नागपंचमीला आपल्याकडं दुपारी पत्ते खेळायची रीत आहे. बायका झोक्यावर आणि पुरुष डावावर. जिनिंग कारखान्याला तेव्हा सुट्टी असते, कापूस दिवाळीला येणार, शेड रिकामं आणि गार. तिथं मोठा डाव बसायचा. त्या वर्षी आप्पांनी ठेकेदाराला आणि बाकीच्यांना पोकर खेळायला राजी केलं होतं. मला म्हणाले, "तू खेळू नको. नुसता पुस्तक घेऊन बाजूला बस. अडलं तर पान काढून सांग."

मी गेलो. दोन वर्षं ज्याच्या घरात राहिलो त्याला एवढ्याशा गोष्टीला नाही कसं म्हणायचं? पत्त्याला मी हात लावला नाही. मांडीवर पुस्तक घेऊन पोत्यावर बसलो होतो.

तिसऱ्या-चौथ्या डावात दारात पोलिसांची शिट्टी वाजली. शेडच्या मागच्या भिंतीला खिंडार होतं. ठेकेदार पहिला पळाला, त्याच्या मागं सगळे. मीही उठलो. आणि आप्पांनी माझं मनगट धरलं.

"बस. पळू नको. पळतो तो जुगारी. आपण हुन्नर खेळायलोत."

"आप्पा, सोडा. माझी पडताळणी राहिलीय."

"म्हणूनच बस म्हणायलोय. कोर्टानं कुठंतरी म्हणलंय, अकलेचा खेळ म्हणजे जुगार न्हाई. मी समजावून सांगतो त्यांना. पुस्तक हाय आपल्यापशी."

मी हात सोडवून घेऊ शकलो असतो. माणूस म्हातारा होता. पण ते इतक्या खात्रीनं बोलत होते, आणि ज्या माणसानं आडनाव न विचारता दार उघडलं त्याच्या हाताला हिसडा द्यायचं माझ्यानं झालं नाही. तेवढ्यात जमादार समोर उभा होता.

पुढचं सांगताना आजही माझी कानशिलं तापतात. आप्पांनी जमादाराला खरोखरच पुस्तक दाखवलं. म्हणाले, "जमादारसाब, हे बघा, यात सगळा हिशेब हाय. मास्तर, ते पाचात एकचं पान काढ. वाच साहेबांना." आणि मी वाचलं. दोन शिपाई पत्ते गोळा करतायत, आणि मी कापसाच्या रिकाम्या पोत्यावर उभा राहून जमादाराला मराठीत सांगतोय, की एका रंगाचे चार पत्ते हातात असले तर पाचवा येण्याची शक्यता किती. जमादारानं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चांगलं शिकलेलं दिसतंय. चला ठाण्यावर."

ठाण्यात आप्पांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मला जमादारानं पूर्ण नाव विचारलं. आप्पांनी जे कधी विचारलं नव्हतं ते त्यानं सगळ्यात आधी विचारलं. गाव, वस्ती. मग मान वर करून म्हणाला, "मोर्च्यातला का रे तू?"

"न्हाई साहेब. मी एकाही मोर्च्याला गेलेलो न्हाई."

किती लाचारीनं बोललो मी ते. जसं काही तो माझा मोठा सद्गुण होता. जमादार शिपायाकडं बघून हसला. "मोर्च्याला न्हाई. जुगाराला."

थोड्या वेळानं आप्पांचा भाऊ आला. आत जाऊन साहेबांशी बोलला, बाहेर आला आणि आप्पांना म्हणाला, "ऊठ." आप्पा उठले. दारापर्यंत गेले, परत माझ्याकडं आले. म्हणाले, "घाबरू नको मास्तर. मी आता साहेबाला सगळं सांगतो. उद्या सकाळी तू मोकळा." आणि कमरेची डबी काढून उघडली. "घे. सुपारी घे."

मी सुपारी घेतली नाही. तेव्हाच कळलं, की उद्या सकाळी कोणी येणार नाही.

जामिनाला उत्तम आला. माझ्याशी इतके दिवस न बोलणारा उत्तम. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मोर्च्यात धरला असतास तर सुटल्यावर हार घातला असता. आता काय घालू?"

मी आप्पांकडं गेलो. रागानं नाही, हात जोडायला गेलो. एकच मागणं होतं. ठाण्यात येऊन, लागलं तर कोर्टात येऊन, एवढंच सांगा की हा खेळत नव्हता, मी याला पुस्तक वाचायला नेलं होतं, आणि पळत असताना मीच याला बसवलं. सगळं खरं होतं. एक शब्द खोटा बोलायचा नव्हता.

आप्पांनी ऐकून घेतलं. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "मास्तर, कागदावर मी तिथं न्हाईच. भावानं नाव येऊ दिलं न्हाई. मी बोललो की मी तिथं आलो. म्हणजे माझंही नाव लागतंय, भावाचीही इज्जत जातीय, आणि तू सुटशील ह्याची गॅरंटी न्हाई. हात कमजोर हाय."

"तो माझा जन्म आहे आप्पा. हात नाही."

"तेच म्हणायलोय. गुंतलेल्या पैशाकडं बघून डाव धरू नये. पुस्तकात लिहिलंय. थांब, काढ ते पान."

आणि माझ्या हातात पुस्तक दिलं. मला वाऱ्यावर का सोडून देत आहेत, ते मीच त्यांना मराठीत समजावून सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यात टिंगल नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं, की त्या पानानं माझं समाधान होईल. दोन वर्षं मी त्यांना जे जे शिकवलं, ते सगळं त्यांनी एकाच वेळी माझ्यावर चालवलं. शेतकऱ्याला आपल्या भावाच्या तोंडावर 'थांब' म्हणणारा हाच माणूस. तिथं हरलं तर दुकानातून खुर्ची ओट्यावर जायची, एवढंच. इथं कागदावर नाव द्यायचं होतं.

मी पुस्तक खाली ठेवलं. ट्रंक भरली आणि खोली सोडली. त्या दिवसाचं पान मी वाचलं नाही.

पडताळणीत गुन्हा निघाला. यादीतलं माझं नाव गेलं आणि खालचं नाव वर सरकलं. आईला सांगायला गावी गेलो, तेव्हा ती दारात शेंगा निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. सूप तसंच हातात धरून बसली. रडली नाही, मला शिवी दिली नाही, आप्पांनाही नाही. एवढंच म्हणाली, "त्यापरीस मोर्च्याला तरी गेला असतास."

त्या हिवाळ्यात पाथरीच्या तहसीलवर मोर्चा होता. मानवतची माणसं बाजारातून घोषणा देत स्टँडपर्यंत जाणार आणि तिथून गाड्या धरणार, असं ठरलं होतं. मी जायचं ठरवलं. आता कसली पडताळणी राहिली होती? आदल्या दिवशी आईला सांगितलं, तर तिनं नको म्हटलं नाही. सकाळी उठलो तेव्हा तिचं लुगडं नेसून झालं होतं, भाकरीचं फडकं काखेत होतं. म्हणाली, "मी बी येते."

आडत बाजारात आलो. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत आप्पा, मांडीवर पुस्तक. दुकानाच्या दारात त्यांचा भाऊ उभा. आप्पांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा खुलला. खरंच खुलला, त्यात काही हूल नव्हती. एवढ्या घोषणांमधून त्यांनी हाक मारली, "मास्तर, अरे तुज्यावाचून सगळं अडलंय बघ. खोली तशीच ठेवलीय. कवा येतोस?"

रांगेतली माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. आई शेजारी होती. तिनं विचारलं, "ह्यो कोन?"

"घरमालक."

"ह्यांनीच बस म्हनलं व्हतं का तुला?"

"होय."

ती रांगेतून बाहेर पडली. उत्तम म्हणाला, "काकू, ऱ्हाऊ दे," पण ती थांबली नाही. ओट्याची पायरी चढली नाही, खालीच उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"मालक," ती म्हणाली, "माज्या लेकराला तुमी बस म्हनलात, त्यो बसला. आता मी म्हनते, उटा. गाडीपस्तोर चला आमच्यासंगं. बाकी काई मागत न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. आजूबाजूच्या घोषणा थांबल्या होत्या. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग दारातल्या भावाकडं. आप्पांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, कंबर जराशी उचलली. मला वाटलं उठतात. क्षणभर माझा सगळा राग जागच्या जागी थांबला. मग ते परत खाली बसले.

"गुडघे दुखायलेत माय," ते म्हणाले.

"माजे बी दुकतात," आई म्हणाली, आणि परत रांगेत आली. तिला घोषणा येत नव्हत्या. लोक ओरडले की ती नुसताच हात वर करायची, आणि तशीच स्टँडपर्यंत चालली.